वाइनची बॉडी, टेक्स्चर आणि कॉन्सन्ट्रेशन: तोंडात जे जाणवतं ते कसं लिहायचं?

वैशाखवारा विचारतात:

नमस्कार मंडळी. पुण्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो, बाटल्या कागदात गुंडाळून ठेवतो आणि प्रत्येकजण आपापल्या वहीत टेस्टिंग नोट्स लिहितो. वासाचं आता बऱ्यापैकी जमायला लागलंय, म्हणजे काळी मिरी, जांभूळ, लिंबाची साल, ओली माती असं काहीतरी नेमकं सापडतं. पण घोट घेतल्यानंतरच्या रकान्यात सगळ्यांचे तेच दोन शब्द, 'फुल बॉडी, स्मूद' किंवा 'लाइट बॉडी, स्मूद', आणि नंतर वही उघडली तर कुठली वाइन कुठली ते अजिबात कळत नाही.

गेल्या वेळी दोन बाटल्या शेजारी शेजारी आल्या आणि मी त्यातच अडकलोय. एक नाशिकची शिराझ (लाल), १४ टक्के अल्कोहोल, रंग जवळजवळ काळा, तोंडात चांगली जड, पण गिळली की दोन सेकंदात काही उरलंच नाही. दुसरी जर्मनीच्या मोझेल नदीच्या खोऱ्यातली रिसलिंग काबिनेट (रिसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची हलक्या प्रकारची वाइन), साडेआठ टक्के, दिसायला पाण्यासारखी आणि तोंडातही हलकी, पण गिळल्यावर ती चव कितीतरी वेळ जाईना. मग यातली 'कॉन्सन्ट्रेटेड' कुठली म्हणायची? आणि बॉडी, टेक्स्चर, कॉन्सन्ट्रेशन या खरंच तीन वेगळ्या गोष्टी आहेत की एकाच गोष्टीची तीन नावं? या गोष्टी बागेतून येतात की वायनरीत बनतात? आमच्यातले एक काका म्हणतात ग्लासच्या आतून ओघळणारे थेंब बघा, जाड ओघळले की बॉडी चांगली. हे कितपत खरं?

---

मोझेलकाठ:

रिसलिंगचं नाव घेतलंत म्हणून लगेच लिहितोय, मी गेली बरीच वर्षं याच नदीच्या खोऱ्यात राहतो.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या दोन बाटल्यांइतकं चांगलं उदाहरण शोधूनही मिळणार नाही. बॉडी म्हणजे घोटाचं वजन, जिभेवर किती जड वाटतो ते. टेक्स्चर म्हणजे त्या घोटाचा स्पर्श, हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूला काय जाणवतं, घासतंय का, सरकतंय का, ओढतंय का, सुकवतंय का. आणि कॉन्सन्ट्रेशन म्हणजे त्याच घोटात चव किती ठासून भरलीय आणि गिळल्यावर किती वेळ टिकते. आपलं कोकमाचं आगळ आठवा, हलवलं तर पाण्यासारखं पातळ, पण चमचाभर जिभेवर पडलं की डोळे मिटतात. तिथे बॉडी काहीच नाही आणि कॉन्सन्ट्रेशन प्रचंड. तुमची रिसलिंग त्या जातीची. आणि तुमची शिराझ बरोबर उलट, वजन आहे पण आत माल कमी.

बॉडीचा सगळ्यात मोठा भाग अल्कोहोलमधून येतो, त्यानंतर साखर शिल्लक असेल तर ती, आणि मग पाणी नि अल्कोहोल उडून गेल्यावर जे खाली उरेल ते सगळं, म्हणजे आम्लं, टॅनिन (साल आणि बीमधून येणारं तुरट द्रव्य), खनिजं, ग्लिसरॉल (फर्मेंटेशनमध्ये तयार होणारं गोडसर द्रव्य) वगैरे. मोझेलच्या काबिनेटमध्ये अल्कोहोल ८-९ टक्केच, लिटरमागे ४०-५० ग्रॅम साखर सहज असते, पण आम्लही तितकंच जोरदार असल्यामुळे ती साखर जड वाटत नाही. इथे द्राक्ष सावकाश पिकतं, तोडणी बहुतेक ऑक्टोबरात, उतार स्लेटच्या दगडाचे आणि भयंकर उभे, ब्रेम गावातला काल्मोंट हा उतार तर साधारण ६५ अंशांचा आहे. थंड हवेत साखर फार न वाढता चव पिकायला वेळ मिळतो, त्यामुळे हलकी आणि तरीही भरलेली वाइन होऊ शकते.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. इटलीत पिएमॉन्तेमध्ये नेब्बिओलो द्राक्षापासून बारोलो करतात, ग्लासात ती फिकी विटकरी दिसते, पलीकडचं दिसेल इतकी, आणि तोंडात घेतल्यावर टॅनिन असं काही पकडतं की पहिल्यांदा पिणारा माणूस बाटलीकडे परत बघतो. रंग फिका, अल्कोहोल १४ च्या आसपास, टेक्स्चर कठोर, कॉन्सन्ट्रेशन भरपूर. याउलट काळ्या रंगाच्या मऊ आणि पोकळ वाइन जगात ढिगाने आहेत.

आता काकांचे ओघळ. काचेवर जो पातळ थर चढतो त्यातलं अल्कोहोल आधी उडतं, तिथे पाण्याचं प्रमाण वाढतं, पृष्ठताण वाढतो, त्यामुळे तो थर खालून आणखी वाइन वर ओढून घेतो, आणि वर साठलेलं जड झालं की थेंब होऊन खाली येतं. जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये हे समजावून सांगितलं होतं, आणि आज ते मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. काकांना सांगा ग्लासच्या तोंडावर तळहात घट्ट ठेवा, बाष्पीभवन थांबलं की ओघळही थांबतात. तेव्हा ओघळावरून अल्कोहोलचा अंदाज येतो, आणि अल्कोहोलमुळे बॉडी येते म्हणून काकांचं अर्धं खरं आहे, पण टेक्स्चर, चवीचा भरणा, दर्जा यातलं काहीही त्यात दिसत नाही.

---

दिंडोरीची_बाग:

मी वाइनची द्राक्षं लावतो, आणि शेजारच्या तुकड्यात टेबलची, म्हणजे खायची पण आहेत, त्यामुळे बागेतून काय येतं ते सांगतो, वायनरीतलं दुसरं कोणी सांगेल.

कॉन्सन्ट्रेशनची सुरवात द्राक्षाच्या मण्याच्या आकारापासून होते. रंग, टॅनिन आणि वासाचा बराचसा भाग सालीत आणि सालीच्या लगत असतो, मधल्या गरात मुख्यतः पाणी, साखर आणि आम्ल. मणी लहान तर रसाच्या मानाने साल जास्त. हिशोब करून बघा, १२ मिलिमीटरच्या मण्याला १८ मिलिमीटरच्या मण्यापेक्षा रसामागे दीडपट साल मिळते. एक्स्पोर्टच्या थॉमसनला (ही खायच्या द्राक्षाची जात) आपण काय करतो, जीएचं म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग करतो, घडाची विरळणी करतो, पाणी मोजून पण भरपूर देतो, का तर मणी १८ च्या वर फुगला पाहिजे आणि साल पातळ राहिली पाहिजे. वाइनच्या बागेत बरोबर याच्या उलट चालायचं असतं, मणी बारीक, साल जाड, बी तपकिरी झालेली. टेबलच्या सवयीने वाइनची बाग करणाऱ्याला सगळ्यात अवघड हेच जातं, कारण बारीक मणी बघितला की हात आपोआप ड्रिपच्या कॉककडे जातो.

मणी सेट झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंतच्या (म्हणजे तो मऊ पडून रंग धरायला लागेपर्यंतच्या) काळात जरा ताण दिला तर मणी लहानच राहतो, नंतर कितीही पाणी दिलं तरी तो फार वाढत नाही. पण ताण जास्त झाला की पानं जळतात आणि मग पिकवायचं कोणी? त्यामुळे ते रोज बागेत फिरूनच ठरवावं लागतं, पुस्तकात बघून नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडचं हवामान. आपला वेल थंडीत झोपत नाही, म्हणून तर आपल्याला दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड छाटणी, आणि तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये. जानेवारीत रात्री चांगल्या थंड असतात, आम्ल टिकतं. जसजसा मार्च जवळ येतो तसं दुपारचं ऊन वाढतं, साखर भराभर चढते, आम्ल घसरतं, आणि बी नि सालीतलं टॅनिन अजून कच्चंच असतं. अशा वेळी नुसतं ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघून तोडलं तर १४ टक्क्यांची वाइन होते खरी, पण चव मागेच राहिलेली असते. तुमच्या त्या शिराझचं असंच झालं असावं असं मला वाटतं, साखर पळाली आणि बाकी सगळं मागे राहिलं. बी चावून बघितल्याशिवाय तोडणीची तारीख ठरवू नये या मताचा मी आहे. हिरवी बी कडू आणि खरबरीत लागते, पिकलेली बी दाताखाली कुरकुरीत मोडते.

---

जुनी_वेल:

एवढं कशाला फिरवायचं, कॉन्सन्ट्रेशन म्हणजे कमी उत्पन्न. फ्रान्समध्ये शातोनफ-द्यू-पाप या वाइनच्या भागाला हेक्टरी ३५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे, सोतेर्नला २५ ची, ती उगाच नाही. वेलावर घड कमी ठेवा, वाइन आपोआप दाट होते.

---

दिंडोरीची_बाग:

@जुनी_वेल आपोआप होत नाही हो. माझ्याच बागेत जिथे जमीन भारी काळी आहे तिथे घड अर्धे केले की वेल उरलेली ताकद शेंड्याला आणि पानाला लावतो, कॅनोपी दाट होते, घडावर सावली पडते आणि राहिलेले मणी उलट मोठे होतात. म्हणजे उत्पन्नही गेलं आणि चवही नाही. मुरमाड उताराच्या तुकड्यात मात्र वेल मुळातच आवरलेला असतो, तिथे न कापताही घड कमी आणि मणी बारीक. शातोनफचं उत्पन्न कमी आहे त्यात गोट्यांची कोरडी जमीन, वारा, जुने झुडपी वेल हे सगळं आलं, कागदावरचा आकडा एकटा काही करत नाही. वेलाला जेवढं पिकवता येतं तेवढंच ठेवायचं, ना कमी ना जास्त, आणि ते प्रत्येक तुकड्याचं वेगळं असतं.

---

तळघरातली_लॅब:

वायनरीत काम करते, त्यामुळे टेक्स्चरचं मी लिहिते, कारण नोट्समध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं.

लाल वाइनमध्ये टेक्स्चर म्हणजे मुख्यतः टॅनिन. आपल्या लाळेत प्रोलीनचं प्रमाण जास्त असलेली प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंडात सगळं सहज सरकतं. टॅनिन त्यांना जाऊन चिकटतं, ती साकळून बाजूला पडतात, वंगण कमी होतं आणि जीभ-हिरड्या एकमेकींना घासायला लागतात. म्हणून तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचा भाग आहे, आणि तो लिहिताना 'टॅनिन जास्त' एवढंच लिहून पुरत नाही. तीन गोष्टी लिहा: किती आहे, कुठे जाणवतं (जिभेच्या मध्ये, हिरड्यांवर, गालांच्या आत) आणि कसं आहे. या 'कसं'साठी ऑस्ट्रेलियात २००० साली रिचर्ड गॅवेल आणि सहकाऱ्यांनी लाल वाइनचं माउथफील व्हील तयार केलं, ॲन नोबलच्या १९८४ च्या अरोमा व्हीलसारखंच, पण फक्त स्पर्शाचं. त्यात रेशीम, साटन, मखमल, स्वेड, खडू, पावडर असे शब्द वर्तुळात मांडलेत. ते शब्द जसेच्या तसे घ्यायलाच हवेत असं नाही, पण बारीक कणांसारखं लागणं आणि कापडासारखं लागणं हा फरक एकदा लक्षात आला की मग तो प्रत्येक घोटात सापडतो.

'स्मूद' मला अजिबात आवडत नाही, कारण स्मूद वाइन चार वेगवेगळ्या कारणांनी होते. टॅनिन मुळातच कमी आहे म्हणून, टॅनिन भरपूर आहे पण पिकलेलं आहे म्हणून, थोडी साखर ठेवून कडा झाकल्यात म्हणून, किंवा आम्ल कमी आहे म्हणून. शेवटच्या प्रकारची पहिला घोट छान लागते आणि अर्ध्या ग्लासानंतर कंटाळा येतो. ही चार कारणं तुमच्या नोट्समध्ये वेगळी दिसली पाहिजेत.

पांढऱ्या वाइनलाही टेक्स्चर असतं, याकडे तर कोणी बघतच नाही. मॅलोलॅक्टिक (बॅक्टेरियामुळे होणारं दुसरं फर्मेंटेशन) झालं की टोकदार मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल होतं आणि घोट गोलसर वाटतो. फर्मेंटेशननंतर खाली बसलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन तशीच ठेवली, मधून मधून ढवळली, की यीस्टच्या पेशी फुटून त्यातली मॅनोप्रोटीन्स वाइनमध्ये येतात आणि ती साईसारखी भरीव होते. फ्रान्समध्ये बर्गंडीत शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनला हे करतात, आणि तिथल्याच लोआर नदीच्या टोकाला मस्काडे नावाची साधी, हलकी, १२ टक्क्यांची वाइन गाळावरच हिवाळा काढून बाटलीत भरतात, तिला बॉडी फारशी नसतेच, पण टेक्स्चर असतं. जॉर्जियात पांढरी द्राक्षं सालीसकट क्वेवरीत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात ठेवतात, तिथे पांढऱ्या वाइनला चक्क लाल वाइनची पकड येते.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे, तो म्हणजे ग्लिसरॉलमुळे वाइन दाट होते. साध्या कोरड्या वाइनमध्ये ग्लिसरॉल लिटरला साधारण ५ ते १० ग्रॅम असतं आणि दाटपणा जिभेला कळायला २५ च्या आसपास लागतं. सोतेर्नसारख्या बोट्रायटिसच्या (द्राक्ष सुकवणाऱ्या बुरशीच्या) गोड वाइनमध्ये ते पुष्कळ वाढतं, पण तिथे साखरच इतकी असते की ग्लिसरॉलला श्रेय द्यायची गरज उरत नाही. कोरड्या वाइनमध्ये त्याने थोडा गोडसरपणा येतो, बस.

आणि कॉन्सन्ट्रेशन वायनरीत वाढवता येतं का, तर हो, येतं. रसाचा काही भाग आधीच काढून टाकायचा म्हणजे उरलेल्या रसाला साल जास्त मिळते, त्याला सेन्ये म्हणतात आणि काढलेल्या रसाची रोझे (गुलाबी वाइन) होते. रिव्हर्स ऑस्मोसिसने किंवा व्हॅक्यूमखाली रसातलं पाणी काढता येतं, युरोपात त्याला २० टक्क्यांपेक्षा जास्त घट चालत नाही असा नियम आहे. व्हेरोनाजवळ अमारोनेसाठी तोडलेले घड तीन-चार महिने सुकवतात, वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त कमी होतं आणि अल्कोहोल १५-१६ पर्यंत जातं. पण पाणी काढलं की जे आहे ते सगळंच आटतं, कच्चेपणासुद्धा. दिंडोरीकर दादा म्हणतात तशी कच्ची बी आत असेल तर यंत्राने ती आणखी कडू करून मिळेल.

आता ग्रुपसाठी एक प्रयोग. एक साधी, स्वस्त, १२ टक्क्यांची, फार टॅनिन नसलेली लाल वाइन घ्या आणि पाच ग्लासांत ५०-५० मिलिलिटर ओता. पहिला तसाच. दुसऱ्यात ५ मिलिलिटर व्होडका, अल्कोहोल जवळजवळ १५ वर जाईल. तिसऱ्यात अर्धा छोटा चमचा साखर नीट विरघळवून. चौथ्यात एक मोठा चमचा थंड केलेला कडक कोरा चहा. पाचव्यात १० मिलिलिटर पाणी. व्होडकाच्या ग्लासात वजन वाढलेलं कळेल पण फळाची चव तेवढीच राहील, किंचित मागेच जाईल. चहाच्या ग्लासात वजन थोडं उतरलेलंच, पण हिरड्या पकडलेल्या. पाण्याच्या ग्लासात सगळंच उतरलेलं. तीन शब्दांचे तीन अर्थ एका संध्याकाळी जिभेवर बसतात, मी नवीन आलेल्या प्रत्येकाला हेच करायला लावते.

---

वैशाखवारा:

खूप खूप आभार, सगळं उतरवून घेतलंय. दिंडोरीकर दादांचं साखर पळण्याचं वाचून त्या शिराझचं कोडं सुटलं. आता पुढचा प्रश्न, तीच शिराझ मी नंतर घरी परत उघडली, मे महिन्यातली दुपार, बाटली कपाटात होती, तर ती आणखीनच सैल लागली आणि घशात गरम. आणि टेस्टिंगमध्ये आमच्याकडे सहा लाल असतात लागोपाठ, चौथ्या-पाचव्याला मला सगळंच तुरट लागतं. हा माझ्या जिभेचा प्रश्न की पद्धतीचा?

---

मोझेलकाठ:

तापमान. 'रूम टेंपरेचर'ला लाल वाइन प्यावी हे युरोपातल्या जुन्या दगडी घरांच्या खोल्यांना धरून आहे, पुण्यातल्या मे महिन्याच्या ३५ अंशांना नाही. १६ ते १८ अंश ठेवा, म्हणजे प्यायच्या आधी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये. गरम वाइनमध्ये अल्कोहोल वर येतं आणि घोट विस्कटतो. पण फार गारही नको, गारठ्यात टॅनिन आणि आम्ल दोन्ही टोकदार होतात. त्यामुळे बॉडी किंवा टेक्स्चर लिहिताना तापमान शेजारी लिहून ठेवा, नाहीतर दोन वेळच्या नोट्सची तुलनाच करता येणार नाही.

---

तळघरातली_लॅब:

पद्धतीचा प्रश्न आहे, जीभ ठीक आहे. टॅनिन घोटागणिक साठत जातं, लाळेला परत यायला वेळ लागतो. दोन ग्लासांमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, साधं पाणी आणि बिनमिठाची ब्रेड किंवा पाव. चीज, पनीर, खारे काजू टेबलावरून उचला आणि शेवटी आणा, कारण प्रथिनं आणि फॅट टॅनिनला धरून ठेवतात आणि मीठही त्याच्या कडा झाकतं, मग कडक वाइन मऊ असल्यासारखी लिहिली जाते. क्रम लावताना टक्केवारी बघू नका, टॅनिन बघा, म्हणजे लाल द्राक्षांच्या जातींपैकी पिनो न्वार किंवा गामे आधी, मग सांजोव्हेजे, मग शिराझ, कॅबर्ने सगळ्यात शेवटी. झाकलेल्या बाटल्यांचा क्रम ज्याला माहितीये अशा एकाने लावायचा आणि त्या दिवशी त्याने नोट्स लिहायच्या नाहीत. आणि सहा जास्त होतात, चारच ठेवा, पण प्रत्येक वाइन अर्ध्या तासाने परत चाखा. टॅनिनचं वागणं हवेत बदलतं, आणि पहिल्या घोटाला बंद वाटलेली वाइन तोपर्यंत कधी कधी चांगलीच उलगडलेली असते.